एसी आणि गीझरची वार्षिक सर्व्हिस: घ्यावी की नाही, आणि घेतली तर काय करून घ्यावं

एसी आणि गीझरच्या देखभालीची सेवा बहुतेक वेळा एकत्रच मिळते. वर्षाला दोन-तीन फेऱ्या, मध्येच काही बिघडलं तर वेगळी भेट. माहितीपत्रकावर सगळ्या योजना सारख्याच दिसतात. खरा फरक दोनच गोष्टींत असतो: आलेला माणूस यंत्र उघडतो का, आणि मोजमाप घेतो का. फिल्टर धुणं, वरून ओलं फडकं मारणं आणि जाताना ‘गॅस थोडा कमी वाटतोय’ म्हणणं, एवढ्यावर संपणारी फेरी घेण्यासारखी नाही. फिल्टर घरीच धुता येतो. उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी तो काढायचा, कोमट पाण्याखाली मागच्या बाजूने धार सोडायची आणि सावलीत वाळवून परत बसवायचा. उन्हात ठेवला तर चौकट वाकडी होते आणि कडेने धूळ आत शिरते.

मग सेवेचे पैसे कशासाठी द्यायचे? फिल्टरच्या मागे जे आहे त्यासाठी.

एसीची सफाई तीन प्रकारे होते: कोरडी, पाण्याची म्हणजे जेट पंपाची, आणि फोमची. कोरड्या सफाईत ब्रश आणि हवेच्या झोताने धूळ उडवतात. दोन मोठ्या सफायांच्या मध्ये ती ठीक आहे, पण तिच्यावर अख्खं वर्ष काढता येत नाही. कूलिंग कॉइल, म्हणजे हवा गार करणारी नळ्या-पत्र्यांची जाळी, एसी चालू असताना सतत ओली असते, त्यामुळे तिच्यावर बसलेली धूळ कोरडी राहतच नाही. तिचा चिकट लेप होतो आणि तो ब्रशला दाद देत नाही.

जेट पंपाची सफाई नीट केली तर सर्वांत उपयोगी, आणि नीट केली नाही तर सर्वांत नुकसानीची. आधी एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच, बंद करायचा, रिमोटवर भागत नाही. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटला हात लावायचा असेल तर त्यानंतर किमान १० मिनिटं थांबायला हवं, कारण बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरांत वीज साठलेली असते. मग पुढचं पॅनेल, झडप आणि जाळी काढायची, बोर्डाची पेटी प्लास्टिकने घट्ट गुंडाळायची, खाली पाणी झेलणारी पिशवी लावायची आणि तिची नळी बादलीत सोडायची. फवारा पसरट हवा आणि तो वरून खाली, पत्र्यांच्या रेषेत मारायचा. कॉइलवरचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कागदासारखे पातळ असतात. गाडी धुण्याच्या पंपाची टोकदार धार तिरकी बसली की ते आडवे होतात आणि तेवढ्या जागेतून हवा जाणं थांबतं. वाकलेले पत्रे सरळ करायला खास कंगवा मिळतो. तो मेकॅनिकच्या पिशवीत आहे का, हे सहज विचारून पाहावं.

फोमच्या सफाईची जाहिरात जोरात होते, पण ती जेटची जागा घेऊ शकत नाही. सौम्य अल्कली फोम लेप सैल करतो, आतला तेलकटपणा सोडवतो. १० मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुतला तर पुढची जेट सफाई सोपी होते. ‘धुवायची गरज नाही, एसीच्याच पाण्याने वाहून जाईल’ असं लिहिलेले डबे मात्र हवेत भरपूर ओलावा असेल तेव्हाच कामाचे. हवा कोरडी असली की कॉइलवर पाणीच फारसं जमत नाही, फोमचा अंश तिथेच राहतो आणि नवी धूळ जास्त लवकर धरून ठेवतो. आम्ल असलेलं क्लीनर अ‍ॅल्युमिनियमवर अजिबात चालू देऊ नका. फेस येतो, कॉइल चांदीसारखी उजळते, बघणाऱ्याला बरं वाटतं. तो उजाळा म्हणजे वरचा थर खाल्ला गेलेला असतो.

आता ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारं चाक. सेवेचा दर्जा कळतो तो इथे. झडपेतून टॉर्च मारून पाहा: लांब नळकांड्यासारखं चाक दिसेल आणि त्याच्या कडेला शेकडो बारीक पाती. प्रत्येक पातं आतल्या बाजूने किंचित खोलगट असतं. त्या खोलगटपणात राखाडी, नमद्यासारखा थर भरला की पात्याचा आकारच बदलतो. चाक त्याच वेगाने फिरतं, आवाजही तोच येतो, पण हवा फेकली जात नाही. एसी चालू केल्यावर येणारा कुबट वास आणि अंथरुणावर पडणारे काळे ठिपके हे बहुतेक वेळा इथलेच. समोरून पंप मारल्याने हा थर अर्धवट निघतो. अर्धवट निघालेलं जास्त वाईट, कारण चाकाचा तोल जातो आणि एसी थरथरायला लागतो. दर एक-दोन वर्षांनी चाक बाहेर काढून धुवायलाच हवं. त्याला वेळ जास्त लागतो, म्हणून तो भाग टाळला जातो. करार करण्यापूर्वी ‘ब्लोअर काढून धुणार का’ हा एकच प्रश्न विचारला तरी समोरच्याची तयारी कळते.

सफाई संपली की ट्रेमध्ये लिटरभर पाणी हळूहळू ओतायला सांगा. ते न तुंबता बाहेर गेलं पाहिजे. ड्रेन पाइपमध्ये जेलीसारखा बुळबुळीत गोळा तयार होतो आणि घरात पाणी टपकण्याचं तेच नेहमीचं कारण. दुसरं कारण उताराचं: पाइप मध्येच वर चढला असेल, किंवा त्याचं टोक पाण्याने भरलेल्या बादलीत बुडालेलं असेल, तर हवा अडकते आणि पाणी मागे येतं.

बाहेरच्या युनिटच्या सफाईत शक्य असेल तर पंखा बाजूला करून पाणी आतून बाहेरच्या दिशेने मारायचं. बाहेरून मारलं तर धूळ पत्र्यांच्या मधोमध जाऊन बसते. साध्या, म्हणजे बिगर-इन्व्हर्टर एसीत कपॅसिटर मोजलाच पाहिजे. ३५ मायक्रोफॅरडचा, अधिक-उणे ५ टक्के असं लिहिलेला कपॅसिटर ३३.२५ च्या खाली गेला की बदलायचा. तो कमजोर झाला की कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, नुसता घुमतो, सुरू होत नाही आणि ओव्हरलोडवर बंद पडतो. मग कॉम्प्रेसरच गेला असं सांगितलं जातं. एका छोट्या पार्टचं काम मोठ्या खर्चात जाऊ नये म्हणून ते मोजमाप समोर करून घ्या.

आता मोजमाप. एसी सर्वांत कमी तापमानावर आणि पंखा जोरात ठेवून १५ मिनिटं चालवायचा. मग आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान एकाच थर्मामीटरने घ्यायचं. फरक साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस असला की ठीक. हवा फार दमट असेल तर तो थोडा कमी येतो, कारण बरीच शक्ती वाफेचं पाणी करण्यात जाते. एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते: फरक १५ अंशांच्या वर गेला तर ती चांगली खूण समजू नये. हवा कमी वाहतेय, म्हणून जेवढी येते तेवढी जास्त गार होते आणि खोली मात्र गार होत नाही. असं असेल तर फिल्टर, कॉइल आणि ब्लोअर पुन्हा तपासा. फरक ५-६ अंशच असेल तर मग गॅस, कॉम्प्रेसर किंवा बाहेरची तुंबलेली कॉइल यांचा विचार करायचा. बर्फही असंच सांगतो. गॅस कमी असताना तो आधी बारीक नळीच्या बाजूने, कॉइलच्या सुरुवातीच्या भागात धरतो. हवा अडली असेल तर बहुतेक सगळी कॉइल पांढरी होते.

गॅसबद्दल स्पष्टच सांगायला हवं, कारण या सेवेत सर्वांत जास्त फसगत इथेच होते. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे तोच खर्च पुन्हा करायची तयारी. म्हणून ‘दरवर्षी थोडा गॅस भरून देऊ’ असं कलम असलेली योजना टाळावी. गळती आधी फ्लेअर नटांवर, म्हणजे नळ्या युनिटला जोडणाऱ्या नटांवर, पाहायची. तिथे तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ असली की जागा सापडलीच. नाही सापडली तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावायचं. दुरुस्ती झाल्यावर व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे जवळजवळ पूर्ण, निर्वात करायचं, पंप बंद करून काटा वर चढत नाही ना हे पाहायचं आणि मग युनिटच्या पट्टीवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच गॅस वजनकाट्यावर भरायचा. नळ्या जादा लांब असतील तर त्यासाठीचे ग्रॅम कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असतात.

फक्त दाब बघून गॅस भरणाऱ्यापासून इन्व्हर्टर एसी जपा. त्यात कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो आणि वेगाबरोबर दाबही. खोली गार झाल्यावर दाब मोजायचा गेज लावला आणि पूर्ण वेगाने चालवलंच नाही, तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. गॅसचा प्रकारही पाहून घ्या. आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ यांचं निम्मं-निम्मं मिश्रण आहे, तर आर-३२ एकच पदार्थ आहे. दोन्ही एकमेकांच्या जागी भरता येत नाहीत. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे नळीत गॅस असताना गॅसबत्तीने जोड करायला बसणाऱ्याला तिथेच थांबवा.

गीझरच्या बाजूने ही सेवा आणखीच तोकडी निघते. बहुतेक फेऱ्यांत गीझर ‘चालू करून पाहिला, पाणी गरम येतंय’ एवढ्यावर सुटतो. खरं तर उघडून पाहण्याची गरज गीझरला एसीपेक्षा जास्त, कारण त्यातलं नुकसान बाहेरून दिसतच नाही आणि दिसतं तेव्हा टाकी गळायला लागलेली असते.

टाकी उघडण्यापूर्वीचा क्रम चुकता कामा नये. वीज बंद, प्लग बाहेर. पाणी निवू द्यायचं. आत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवायचा म्हणजे हवा आत जाईल, आणि मग टाकी रिकामी करायची. परत भरताना गरम नळातून न थुंकता, न अडखळता सलग धार येईपर्यंत वीज द्यायची नाही. रिकाम्या टाकीत पाणी तापवणारा एलिमेंट काही क्षणांतच जळतो.

खालची प्लेट काढली की एलिमेंट आणि अ‍ॅनोड रॉड शेजारी शेजारी दिसतात. एलिमेंटवर पांढरा, अंड्याच्या टरफलासारखा थर असेल आणि तळाशी खडे पडलेले असतील. पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतो, ६० अंशांच्या वर तर तो झपाट्याने बाहेर पडतो. म्हणून पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर थर्मोस्टॅट ७०-७५ वर ठेवून क्षार वाढवू नका. फार खालीही नको, कारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो. साठवणीच्या टाकीला ६० च्या आसपास हा मधला मार्ग बरा, नळाशी थंड पाणी मिसळून घ्यायचं.

या थराबद्दल सांगितली जाणारी एक गोष्ट अर्धी खरी आहे. क्षारामुळे वीज खूप वाढते, असं म्हणतात. विजेच्या गीझरमध्ये एलिमेंट पाण्यातच बुडालेला असतो, त्यामुळे तयार झालेली उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. खरं नुकसान एलिमेंटचं होतं. थराखाली तो प्रमाणाबाहेर तापतो, आतलं आवरण फुटतं आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायला लागतो. गरम होताना तडतड आवाज येतो तो थराखाली अडकलेल्या वाफेचा. तसा आवाज सुरू झाला की पुढच्या फेरीची वाट पाहू नका.

गीझर हळू तापतो अशी तक्रार असेल तर आधी हिशेब करा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॅटच्या एलिमेंटला साधारण १८ मिनिटं लागतात. २५ मिनिटं लागत असतील तर वीजदाब मोजा. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळत असतील तर शक्ती तीन चतुर्थांशच उरते आणि वेळ २४ मिनिटांवर जातो. यात एलिमेंट बदलून काहीही फरक पडणार नाही. पाणी लवकर तापतं पण बादली भरायच्या आत गार होतं, अशी तक्रार असेल तर आतली पाण्याची नळी तुटून थंड पाणी वरच्या गरम पाण्यात मिसळतंय का, हे पाहावं लागतं. एलिमेंट तपासायचा तर मल्टिमीटरवर २ किलोवॅटचा, २३० व्होल्टचा एलिमेंट २६ ओहमच्या आसपास दाखवतो. धातूच्या आवरणाशी मात्र तो ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वीज आवरणात झिरपते का हे मोजणाऱ्या मीटरने, तपासायचा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर तो बदला, आज चालत असला तरी.

अ‍ॅनोड रॉड हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. काचेचा लेप असलेल्या पोलादी टाकीत लेपाला बारीक भोकं असतातच. तिथे गंज पोलादाऐवजी मॅग्नेशियमला लागावा म्हणून हा रॉड असतो. तो झिजणं हेच त्याचं काम. नवा रॉड गुळगुळीत आणि जाडसर, दोन-एक वर्षांनी बाहेर काढलेला खडबडीत, जागोजागी खचलेला, कुठे कुठे आतली तार उघडी पडलेली. तार दिसली किंवा जाडी निम्म्याहून कमी झाली की नवा घालायचा. तीन वर्षांनीही रॉड जसाच्या तसा निघाला तर आनंद मानू नका. एकतर त्यावर क्षार चढून तो निकामी झालाय, किंवा त्याचा टाकीशी विजेचा जोड तुटलाय, आणि तोवर झीज टाकीचीच झालीय. सॉफ्टनरचं, म्हणजे यंत्राने जडपणा काढलेलं, पाणी असेल तर रॉड लवकर संपतो, तिथे दरवर्षी पाहावा. गरम पाण्यालाच नासक्या अंड्यांसारखा वास येत असेल तर पाण्यातले काही जिवाणू आणि मॅग्नेशियम मिळून हायड्रोजन सल्फाइड तयार होत असतो. टाकी निर्जंतुक करून अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा रॉड घातला की तो सहसा जातो.

क्षार काढायला सायट्रिक अ‍ॅसिड पुरेसं आहे: एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, एलिमेंट त्यात तासभर बुडवायचा, बुडबुडे थांबले की ब्रशने घासायचा. टाकीत द्रावण भरायचं असेल तर अ‍ॅनोड आधी काढलाच पाहिजे, नाहीतर आम्ल क्षार सोडून मॅग्नेशियमच खातं. फरशी धुण्याचं अ‍ॅसिड वापरणाऱ्याला परत पाठवा, ते एलिमेंटचं आवरण आणि टाकी दोन्ही खातं. आणि कुठलंही आम्ल ब्लीचजवळ नेऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो. परत बसवताना गॅस्केट नवंच हवं, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे आणि पाणी एकदा गरम झाल्यावर पुन्हा तपासायचे. जुनं गॅस्केट उलटं करून बसवण्याची सवय काही ठिकाणी आहे. ते थोड्याच दिवसांत झिरपतं आणि पाणी सरळ विजेच्या जोडांवर उतरतं.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल अकारण घाबरवलंही जातं. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर जाताना सुमारे २०० मिलिलिटरने वाढतं, आणि उलट जायची वाट बंद असेल तर तेवढं पाणी व्हॉल्व्हमधून टपकणारच. तापताना टपकणं ठीक. गीझर बंद असतानाही टपकत असेल तर बाहेरून येणारा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीवर क्षार बसलाय. दर सहा महिन्यांनी त्याची दांडी उचलून पाणी मोकळं सुटतं का, हे पाहायचं. टपकणं थांबवायला व्हॉल्व्हचं तोंड बुजवणं म्हणजे टाकीचा बॉम्ब करणं. तसंच थर्मल कटआउट, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग, वारंवार पडतो म्हणून तो थेट जोडून देणं. कारण चिकटलेला थर्मोस्टॅट किंवा क्षार असतो, ते दुरुस्त करायचं. वायरच्या टोकांचा रंग आणि प्लगची पिन दोन्ही बघून घ्या: काळपट असतील तर जोड सैल आहे. आरसीसीबीचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, ते घरच्यांचं काम.

गॅस गीझर असेल तर त्याची सफाई या करारात धरली आहे का ते वाचा, बऱ्याचदा नसते. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लांब, काजळी धरणारी ज्योत म्हणजे जळण अर्धवट, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. असा गीझर बर्नर आणि हीट एक्स्चेंजर साफ होईपर्यंत वापरू नये, आणि बंद न्हाणीघरात तर तो बसवूच नये.

करारांत दोन प्रकार मिळतात: पार्टसह आणि पार्टशिवाय. पार्टसह करारात गॅस, बोर्ड, कॉइल आणि गीझरची टाकी यांतलं काय वगळलंय ते आधी पाहा. हे चारही वगळलेले असतील तर उरतात ते कपॅसिटर, थर्मोस्टॅटसारखे पार्ट, आणि जादा पैसे देण्याचं कारण राहत नाही. कंपनीच्या वॉरंटीतल्या नव्या एसीला पार्टशिवायचा करार पुरतो. पाणी जड असेल तर एसीची एक फेरी कमी करून गीझरची एक वाढवून मागा. आणि प्रत्येक भेटीच्या पावतीवर हे लिहून घ्या: हवेच्या तापमानातला फरक, क्लॅम्प मीटरवर आलेले अँपिअर, कपॅसिटरचा आकडा, एलिमेंटचे ओहम आणि मेगरचा आकडा, अ‍ॅनोड किती उरला त्याचा फोटो. मागच्या वेळी एसी ६ अँपिअर घेत होता आणि यंदा तेवढ्याच उकाड्यात, तेवढ्याच व्होल्टेजवर ७.५ घेतोय, हे पावती जपलेली असेल तरच दिसतं, आणि तेव्हा तपास बाहेरच्या कॉइलपासून सुरू करायचा.